आत ओढलेला होकार

स्टॉकहोम, ११ जानेवारी १९८८

प्रिय हिल्दुर आत्या,

पाकिटावरचा आमच्या कंपनीचा शिक्का बघूनच तू नाक मुरडशील. म्हणून आधीच सांगते, पत्र तुझ्या भाचीचं आहे. निदान पहिलं पान तरी.

तुमची भाकरी जी दुकानांची साखळी आपल्या सगळ्या दुकानांत ठेवायचं म्हणतेय, तिनं आमच्या कंपनीला काम दिलंय. माल चांगला आहे, हे त्यांना पटलंय. धास्ती वेगळीच आहे. पाच बायकांनी मिळून चालवलेली बेकरी टिकणार किती? उद्या आपसात जुंपली आणि शटर खाली आलं तर? म्हणून २१ मार्चला तुमचे चाचणीचे तीन आठवडे सुरू होण्याआधी, तुमच्यातलं सहकार्य कसं आहे याचा अहवाल आम्ही द्यायचा. यादीत तुमच्या ब्योर्कसेले गावाचं नाव दिसलं आणि मी हात वर केला. परकं कुणी येण्यापेक्षा मी बरी, असं वाटलं.

मी फेब्रुवारीत येईन. तोवर तुम्ही एकत्र काम कसं करता ते चार ओळींत लिहून पाठवशील? चांगली टीम कशी घडते यावर मी एक पुस्तक लिहितेय, त्यातही उपयोगी पडेल. सोप्या शब्दांत लिही. म्हणजे, तुझ्याकडे दुसरे नसतातच, ते ठीकच आहे.

तुझी,
पर्निला


ब्योर्कसेले, १९ जानेवारी

पर्निला,

नाक मुरडलं. दोनदा. एकदा शिक्का बघून आणि एकदा 'सहकार्य' वाचून.

आमच्यात सहकार्य आहे असं तुला कुणी सांगितलं? आमच्यात काम आहे. पाच जणी जागेवर नसल्या तर भाकरी होत नाही, असल्या तर होते. यावर अहवाल लिहायला जी कंपनी माणूस पाठवते, तिच्याकडे माणसं जास्त झालीत.

तरी घे लिहून. मायलीस पीठ मळते. जवाचं पीठ थांबत नाही, मळल्यावर लगेच लाटलं नाही तर हातात तुकडे येतात. मी लाटते. एल्ना भट्टीशी असते. मी लाटलेली भाकरी ती लांब पातळ काठीवर उचलते, आत सोडते, फिरवते, उलटते, काढते. मिनिटभरसुद्धा लागत नाही. मग दोघी बहिणी थप्प्या लावून बांधतात. बर्चची लाकडं ओली निघाली की भट्टी मंदावते. एल्नाचा खांदा जरासा खाली येतो, तो दिसला की मी हात सावकाश चालवते. ती मला सांगत नाही, मी तिला विचारत नाही. बावीस वर्षं हे असं चाललंय.

पहिल्या हिवाळ्यात मी भराभर लाटायची, ती जाळायची. नाहीतर ती काठी धरून उभी आणि माझं पीठ वाळतंय. शेजाऱ्याची डुकरं त्या नाताळात तालुक्यात सगळ्यात जाड होती. आम्ही दोघीही रडलो, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. वसंतापर्यंत रडणं कमी झालं आणि भाकऱ्या वाढल्या. कुणी गोल खुर्च्या मांडून आम्हाला शिकवलं नाही.

एल्ना दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत असते. एवढं लक्ष तुमच्या ऑफिसात कुणी कुणाकडे देतं का? नसेलच देत. तिथे सगळे आरशाकडे बघत असणार.

हसण्यावारी नेऊ नकोस, म्हणून एवढं मात्र सांगते. लाकूड कापायची गिरणी गेली, शाळा गेली, आता गावात पगार देणारी ही एकच भट्टी उरलीय. त्या साखळीनं नाही म्हटलं तर ती दक्षिणेतल्या कारखान्याची भाकरी घेणार, आणि मग आम्ही पाच जणी खिडकीत बसून नदी बघत बसणार. तेव्हा ये, पण कशाला हात लावू नकोस.

आत्या


स्टॉकहोम, २ फेब्रुवारी

आत्या,

'आमच्यात सहकार्य नाही, काम आहे' हे वाक्य मी ऑफिसात वाचून दाखवलं. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. आमचा साहेब म्हणाला, असे नमुने अजून जिवंत आहेत तोवर आपल्या धंद्याला मरण नाही.

राग मानू नकोस, पण तुम्ही लोक एकमेकांशी बोलत नाही आणि त्याचाच तोरा मिरवता. तुमच्याकडे शेजारी मेला तरी माणूस 'हं' म्हणतो आणि दारातला बर्फ उपसत राहतो. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही यायचो, तेव्हा तू मला तीन आठवड्यांत एकूण चार वाक्यं बोललीस. त्यातली दोन 'पाय पूस' अशी होती. खांदा खाली आला म्हणजे काय आणि तोंडाकडे बघितलं म्हणजे काय! हे सर्कशीतल्या घोड्यांनाही जमतं. माणसं एकत्र काम करतात तेव्हा एकमेकांना सांगतात. काय चुकतंय, काय खुपतंय, कुणावर भरवसा आहे. तुझ्या खालच्या बायका तुला कधी काही सांगतात का? खरं सांग. उत्तर आधीच कळलं मला.

मी १६ आणि १७ तारखेला येतेय. दोन्ही दिवस दुपारी भट्टी बंद ठेवा. आणि हो, खुर्च्या गोलच मांडायच्या आहेत. तुला कसं कळलं?

पर्निला


ब्योर्कसेले, २० फेब्रुवारी

पर्निला,

तू गेलीस तशी मी बेकरी झाडून घेतली. तुझे रंगीत कागद अजून कपाटाखालून निघताहेत.

आयुष्यात मी पुष्कळ येडेपणा बघितलाय, पण पगार घेऊन केलेला पहिल्यांदाच. 'स्वतःला प्राणी समजून चित्र काढा.' मायलीसनं गाय काढली, कारण तिला दुसरं काही काढताच येत नाही. तू त्या गायीतून 'सर्वांचं पोषण करणारी वृत्ती' बाहेर काढलीस. कोरड्या मॅकरोनीचा मनोरा बांधायला लावलास. दोघी बहिणी मॅकरोनी मोडली म्हणून हळहळल्या, कारण आमच्याकडे ती शिजवून खातात. आणि हा सगळा खेळ आमच्या जवाच्या पिठाशेजारी, जे तेवढ्यात वाळून दगड झालं.

आणि शेवटचा तो प्रकार! बावीस वर्षं समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोन बायकांना तू पाठीला पाठ लावून उभं केलंस. 'तुझ्या मागच्या व्यक्तीवर तुझा विश्वास आहे का?' गाडीला जुंपलेल्या घोड्याला विचारतात का, की तुला चार पाय आहेत ना? तरी विचारलंस, मी उत्तर दिलं, विषय संपला. तू कागदावर काहीतरी खरडलंस आणि तुझ्या त्या थर्मासमधली पाणचट कॉफी ओतलीस.

त्या दिवसापासून एल्ना आलेली नाही. फ्लू झालाय असा निरोप आहे. बावीस वर्षांत तिला फ्लू झाला नाही. तुझ्यासोबत शहरातून आला असणार.

आत्या


स्टॉकहोम, २६ फेब्रुवारी

आत्या,

अहवाल गेला. एक प्रत साखळीकडे, एकेक तुम्हा पाच जणींकडे. तुझ्या पत्रानंतर वाटलं, आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं. पण फोनवर तू 'हं' म्हणून ठेवून देतेस.

'उत्तर दिलं' म्हणतेस? मी तुझ्यासमोर हातभर अंतरावर उभी होते. प्रश्न विचारल्यावर तू, पायावर कुणी पाय दिल्यासारखा, श्वास आत ओढलास आणि गप्प झालीस. मी मनात पाचपर्यंत मोजलं. एक शब्द नाही. मग एल्नाकडे वळले. तिला तोच प्रश्न विचारायचा होता, पण तिचा चेहरा असा पडला होता की माझी जीभच वळेना. मी खेळ थांबवला तो त्यासाठी. कॉफी हा बहाणा होता. पाणचट होती, मान्य.

म्हणून अहवालात लिहिलंय: 'मुख्य कारागिरांपैकी एकीला सहकारी स्त्रीवर विश्वास आहे का असं विचारलं असता उत्तर मिळालं नाही.' नाव घातलेलं नाही, पण भट्टीशी दोघीच आहात.

मला वाईट वाटतंय, खरंच. पण एक सांगू? एवढ्या साध्या प्रश्नाला तुझ्या तोंडून 'हो' निघालं नाही आणि खापर माझ्या मॅकरोनीवर फोडतेस. हा अडाणीपणा नाही आत्या, ही मग्रुरी आहे.

पर्निला


ब्योर्कसेले, १ मार्च

अगं मठ्ठ पोरी,

ते 'हो' होतं!

श्वास आत ओढला म्हणजे 'हो'. इथे सगळे असंच म्हणतात. दुकानात, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे. माझ्या लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हाही मी अशीच 'हो' म्हणाले, आणि लग्न लागलं, एकतीस वर्षं टिकलंसुद्धा! तुझा बाप इवार सतरा वर्षं या गावात असाच श्वास ओढत होता. घरात कधी ऐकला नाहीस? की त्यालाही बर्फासारखा झाडून दारात ठेवलात?

अख्ख्या उत्तरेत 'हो' कसं म्हणतात हे जिला ठाऊक नाही, ती आम्हाला एकमेकींशी बोलायला शिकवायला येते! आणि वर लिहिते, 'उत्तर मिळालं नाही'! छाप एकदाचं हे तुझ्या पुस्तकात. गावभर वाटीन.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नाहीये. तुला कळलं नाही, ठीक आहे, तू तिथली. एल्नाला कसं कळलं नाही? ती स्वतः दिवसातून शंभरदा असंच म्हणते. मायलीसला तिच्याकडे पाठवलं, सांग म्हटलं, ती बया येडी आहे, हिल्दुरनं 'हो' म्हटलं होतं. एल्ना वळली म्हणे. आत गेली आणि एप्रन आणून मायलीसच्या हातात दिला. धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडी घातलेला. आमच्याकडे एप्रन इस्त्री करून परत दिला म्हणजे माणसानं काम सोडलं.

भट्टीवर मायलीस उभी राहतेय. काल एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं पीठ. वीस दिवस उरलेत. मी लाटतेय आणि समोर बघतेय तर खांदाच नाही.

आत्या


स्टॉकहोम, ५ मार्च

आत्या,

बाबांना फोन केला. विचारलं, 'बाबा, तुम्ही श्वास आत घेऊन हो म्हणायचात का?' तिकडून तोच आवाज आला. मग म्हणाले, 'तुझ्या आईला वाटलं दमा आहे. डॉक्टरकडे घेऊन गेली होती. तेव्हापासून तोंडानं म्हणायला लागलो.' मी फोन धरून खाली बसले. मी मठ्ठ आहे. तुझा शब्द आहे, वापरते. साहेबांना आजच सांगितलं की माझी चूक झालीय, अहवाल दुरुस्त करा. ते म्हणाले, बघू.

पण आता माझं ऐक, आणि नाक मुरडून झाल्यावर पुन्हा वाच. एल्नाला तुझं 'हो' ऐकूच गेलं नाही.

दोन दिवस मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. तिथून बोललं की उत्तर नाही. मान वळवून माझ्या ओठांकडे बघायची, मग बोलायची. मायलीस तिला हाक मारत नाही, जवळ जाऊन दंडाला हात लावते. बाहेर गाडीचा भोंगा वाजला तेव्हा तुम्ही चौघी वळलात, ती वळली नाही. ती तुझ्या तोंडाकडे का बघते, आत्या? तुझ्याबद्दल आदर ओसंडून चाललाय म्हणून? तुझा 'हो' तिला दिसतो, म्हणून. माझा प्रश्न मोठ्यानं होता, तो पोचला; पण पाठ फिरवल्यावर तुझा 'हो' कसा दिसणार?

मला दोन दिवसांत दिसलं. तू बावीस वर्षं समोर उभी आहेस. एवढी मोठी नजर, आणि खांद्याच्या वर कधी गेलीच नाही?

पर्निला


ब्योर्कसेले, १३ मार्च

पर्निला,

तुझं पत्र वाचून मी ते चुलीत घातलं. मग बेकरीत गेले आणि मायलीसला विचारलं. तिनं मळायचं थांबवलं. म्हणाली, 'सहा वर्षं झाली. डावा गेलाय, उजवा निम्मा.'

'तुला ठाऊक होतं?'

'सगळ्यांना ठाऊक आहे. पोस्टमनलासुद्धा.'

'मग मला का नाही सांगितलं?'

मायलीस पिठाकडे बघून म्हणाली, 'टेक्लाचं झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं.'

टेक्ला तुला आठवत नसेल. थप्प्या लावायची. तिची नजर जायला लागली आणि एक दिवस तिनं तुटक्या भाकऱ्या गठ्ठ्यात बांधल्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'ही आंधळ्यांची शाळा नाही.' तिनं एप्रन काढला, इस्त्री न करताच टेबलावर ठेवला आणि गेली. याला सात वर्षं झाली. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, बाकीच्यांना शिस्त लागेल. लागली. तोंडं बंद ठेवायची शिस्त लागली.

परवा एल्नाकडे गेले. ती लाकडं फोडत होती. मी मागून हाक मारली, दोनदा. हलली नाही. पुढून गेले तेव्हा तिनं कुऱ्हाड खाली ठेवली.

'फ्लू बरा झाला?' मी म्हणाले. दुसरं काही सुचेना.

'तू सांग, मला काय झालंय ते. तुला सगळं कळतं ना.'

'तुला ऐकू येत नाही.'

'कुणी सांगितलं?'

'स्टॉकहोमच्या पोरीनं.'

एल्ना इतकी हसली की कुत्रं उठून बसलं. म्हणाली, 'म्हणजे चित्रं काढायला लावणारी ती बाई, तिला दिसलं आणि तुला नाही! आणि म्हणे, मी दिवसभर तुझ्या तोंडाकडे बघते. मायलीस सांगत होती, तू पत्रात फुशारकी मारलीस म्हणून. अगं, तुझ्या तोंडात बघण्यासारखं काय आहे? जीभ तर नुसती कोयता.'

मी म्हणाले, त्या दिवशी मी 'हो' म्हटलं होतं.

'मायलीसनं सांगितलं. पटलं मला. पण त्या पाच क्षणांत मला काय वाटलं, ते मायलीस कसं सांगणार? मला वाटलं, हिला कळलंय मी बहिरी झालेय. आता सगळ्यांसमोर हाकलणार. टेक्लासारखी. सहा वर्षं मी याच क्षणाची वाट बघतेय, हिल्दुर. रोज सकाळी एप्रन बांधताना वाटायचं, आज. मला आता ती वाट बघायची नाही, एवढंच.'

मी तिनं फोडलेली दोन लाकडं उचलून बाजूला रचली. मग ती म्हणाली, 'सोमवारी, २१ तारखेला येईन. तुझ्यासाठी नाही. त्या तिघींनी काय घोडं मारलंय? पण चाचणी संपली की तू टेक्लाकडे जायचं आणि तिला परत बोलवायचं. नाही गेलीस तर मी पुन्हा इस्त्री काढीन. जाशील?'

मी श्वास आत ओढला.

'ऐकू येईल असं बोल,' एल्ना म्हणाली.

'हो!' मी ओरडले. पलीकडच्या घरात पडदा हलला.

आत्या


स्टॉकहोम, २९ मार्च

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उपदेश करणार नाही, मला तो अधिकार उरलेला नाही.

साहेबांनी अहवाल दुरुस्त केला. कसा, ते ऐक. 'उत्तर मिळालं नाही' हे काढून त्यांनी लिहिलं, 'पाठीला पाठ या आमच्या पद्धतीमुळे सहकाऱ्यांमधला दडलेला प्रश्न पुढे आला.' मी म्हणाले, पद्धतीमुळे काहीही आलेलं नाही, माझ्या अज्ञानामुळे एक बाई घरी बसली. ते म्हणाले, 'पर्निला, बेकरी नीट चालली की तेच पद्धतीचं यश. लोकांना कारण नको असतं, पद्धत हवी असते.' आणि माझ्या खांद्यावर थोपटलं! या माणसाला आपल्या सेक्रेटरीचं नाव ठाऊक नाही, आणि हा देशभर टीम कशा बांधायच्या ते शिकवतो. इतकी वर्षं मी त्याच्या भाषणांच्या नोट्स काढल्या, त्याचीच लाज वाटते.

अहवालावरून माझं नाव काढायला लावलं. पुस्तकाचं ते प्रकरणही काढून टाकलं. बाकीची उरलीत, पण आता ती वाचताना प्रत्येक पानावर मला मॅकरोनी दिसते.

चाचणीचं कळव. आणि टेक्लाकडे गेलीस का?

पर्निला


ब्योर्कसेले, २६ एप्रिल

पर्निला,

उत्तराला उशीर झाला, कारण तुझा शेवटचा प्रश्न टोचत होता.

आधी चाचणीचं. एल्ना सोमवारी आली. आल्या आल्या मी चौघींना उभं केलं आणि म्हणाले, एल्नाला ऐकू येत नाही, ती भट्टीवरच राहणार, कुणाला काही म्हणायचंय? कुणालाच नव्हतं, त्यांना ठाऊकच होतं. मी एकटीच नवीन. मग लाटायचं टेबल फिरवून तिच्या उजव्या कानाकडे आणलं. ते हलवताना मायलीस म्हणाली, मग परातही इकडे घ्या, प्रत्येक गोळ्यामागे मी बारा पावलं चालते. किती वर्षं चालतेस म्हटलं, तर म्हणाली, चौदा. मी तोंड उघडलं होतं, पण मिटलं. परात हलवली. मग थप्पीवाल्या बहिणींचीही तोंडं सुटली, भाकरी गरम असताना बांधू नका, दहा मिनिटं थांबा, मग तुटत नाही. तेही केलं. दुसऱ्या आठवड्यात आम्ही इतक्या भाकऱ्या काढल्या की गाडीवाला परत एकदा आला. साखळीनं वर्षाचा करार केलाय. त्यांच्या मासिकात तुझ्या साहेबाचा फोटो छापून आलाय, आमच्या भाकरीसोबत. भाकरी चांगली आलीय.

पण मी टेक्लाकडे गेले नव्हते. आज जाते, उद्या जाते. रस्ता निसरडा आहे, हिशेब राहिलेत. मला टेक्लाच्या दारात उभं राहायची भीती वाटत होती. लिहिते स्पष्टच. एका आंधळ्या म्हाताऱ्या बाईची मला भीती वाटत होती. गेल्या गुरुवारी एल्नानं काम संपल्यावर एप्रन काढला आणि घरी नेला. धुवायला, म्हणाली. इस्त्रीबद्दल काही बोलली नाही. मी तशीच टेक्लाकडे गेले.

चार भाकऱ्या नेल्या होत्या. वाक्यंही ठरवून नेली होती, करार मोठा आहे, दोघी कमी पडतात, तुझा हात अजून लोकांना आठवतो, वगैरे. टेक्लानं बसायलासुद्धा सांगितलं नाही. भाकरी घेतली आणि दोन्ही हातांनी कडेकडेनं चाचपत गेली. एक पूर्ण फेरी झाली. मग म्हणाली, 'अजून डावीकडे जाड लाटतेस.'

मी म्हणाले, काहीतरीच. तिनं माझं बोट धरलं आणि त्या जागी ठेवलं. होतं. जाड होतं.

'कधीपासून?'

'मी होते तेव्हापासून. एल्ना ती बाजू आगीकडे जास्त वेळ धरते. आम्ही थप्पीत ती एकीवर एक येऊ द्यायचो नाही, फिरवून लावायचो. नाहीतर गठ्ठा कलंडतो.'

'सगळ्याजणी?'

'रोज.'

पर्निला, मी तुला लिहिलं होतं की आमच्यात सहकार्य नाही, काम आहे. त्या सगळ्याजणी इतकी वर्षं माझा वाकडा हात सांभाळत होत्या, आणि मी त्यांना शिस्त लावत होते. मला त्या स्वयंपाकघरात इतकी लाज वाटली की कान तापले.

'मग मला सांगितलं का नाही?' मी विचारलं.

'तुला?' टेक्ला म्हणाली. 'तुला कोण सांगणार गं?'

ठरवलेली वाक्यं तिथेच राहिली. मी म्हणाले, टेक्ला, मी तुला बोलले ते वाईट बोलले, तू परत ये. ती म्हणाली, विचार करते. दार लावून घेतलं.

काल सकाळी ती आली. स्वतःचं स्टूल घेऊन. एल्ना भट्टीशी होती, मायलीसनं पहिला गोळा दिला, मी लाटला, एल्नानं भाजला. टेक्लानं भाकरी हातात घेतली, फिरवली आणि सगळ्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, 'डावीकडे.'

मी परत लाटली.

आत्या